निळं दार

मेहविशच्या कंपनीचा युद्धावरचा कॉम्प्युटर गेम दिवाळीत येणार होता. त्यातलं शत्रूचं गाव उभारायचं काम तिच्याकडे होतं. "खरंखुरं वाटलं पाहिजे," सरांनी बजावलं होतं. मुदत डोक्यावर आल्यावर तिने जुन्या नाशकातली आपलीच गल्ली जशीच्या तशी उतरवली. सर बेहद्द खूश! आज तिने हौसेने अम्मीला लॅपटॉपवर ते दाखवलं. "अगं, हे माझं पाण्याचं पिंप! हे आपलं निळं दार!" अम्मी हरखून गेली. तेवढ्यात बंदुका रोखून सैनिक त्या दाराशी आले. एकाने लाथ घातली, कडी तुटून उडाली. अम्मीचं हसू मावळलं. "तोडलं कशाला गं? आपण दिवसा कधी कडी लावतो का? नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं." मेहविशने मान खाली घातली. खेळणाऱ्याला लाथ मारायला मजा यावी, म्हणून ती कडी तिनेच लावली होती.