गीझरचं लाटणं

तीन घरांतली गीझरची बटणं बाथरूममधून बाहेरच्या भिंतीवर हलवून दामू वायरमन घरी आला आणि खुर्चीत कोसळला. "ओल्या हातानं बटण दाबू नका," हे दिवसभर सांगून त्याचा घसाही बसला होता.

त्याच्या स्वतःच्या बाथरूममधलं बटण मात्र नळाशेजारीच होतं. "रविवारी बाहेर काढतो, तोवर लाटण्यानं दाब," असं तो बायकोला म्हणाला होता, त्याला अकरा वर्षं झाली. खिळ्याला टांगलेलं ते लाटणं आता काळं पडलं होतं.

पुढच्या महिन्यात लग्न असलेली लेक नव्या संसाराची यादी करत होती.

"आई, लाटणी दोन लिहिते. एक पोळ्यांचं, एक गीझरचं."

दामू तसाच उठला. त्यानं मेन स्विच बंद केला. पंखा थांबला.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अगंबाई, आज रविवार का?"