ओळख तुम्हीच करून द्या

चार वर्षं ती त्या बंगल्यात धुणीभांडी करत होती. ती साडी नेसायची, "आले", "निघते" म्हणायची. मालकीणबाई मात्र मुद्दाम "आलास का रे?" म्हणायच्या आणि पाहुण्यांकडे बघून हसायच्या. एकदा भांडी घासता घासता ती मोकळ्या गळ्याने गायली. तो भरदार, पुरुषी आवाज बाहेर दिवाणखान्यात ऐकू गेला आणि त्याच दिवशी बाईंनी तिला कामावरून काढलं. "आम्हाला चार लोकांत तोंड दाखवायचंय," त्या म्हणाल्या.

आता तोच आवाज सलूनपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजतो. बाईंच्या मुलीने हट्टच धरला, माझ्या लग्नात गाणार तर तीच. नाइलाजाने बाईंनी फोन केला. "झालं गेलं विसरून जा," त्या म्हणाल्या. ती लगेच तयार झाली. अट एकच घातली, स्टेजवर ओळख तुम्ही स्वतः करून द्यायची.

तीनशे पाहुण्यांसमोर बाई माइकजवळ कशाबशा पुटपुटल्या, "आमच्या ताई... आल्या आहेत."


"मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "पुन्हा म्हणा. मी पुरे म्हणेपर्यंत म्हणत राहा."