कपाटामागची भिंत

घर बघायला निघालेल्या नीलांबरीला आईनं एकच ताकीद दिली होती, “ताजा रंग दिलेलं घर घेऊ नकोस. रंग चढला की भिंत ऐकलेलं सगळं विसरते.”

आणि कुलथेकाकांचं घर तर डोळे दिपतील असं रंगवलेलं!

“पाण्याचं काय, काका?”

“चोवीस तास!” काका ठासून म्हणाले.

नीलांबरीनं कपाट सरकवलं. मागे हातभर भिंत जुन्या निळ्या रंगाचीच राहिली होती. रंगाऱ्यानं आळस केला होता! तिनं पिशवीतून भिंतीनं ऐकलेलं पुन्हा ऐकवणारा भिंतवाचक काढला आणि त्या निळ्या तुकड्यावर टेकवला. क्षणभर खरखर झाली आणि भिंतीतून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

“अहो, पाणी आलं! चार दिवसांनी आलंय, उठा, आधी पिंप भरा!”

सापडली लबाडी! नीलांबरी विजयानं वळली, पण काका जागेवर नव्हतेच. सत्तरीचा तो माणूस धावत स्वयंपाकघरात गेला होता आणि नळ सोडून खाली बादली धरून उभा होता.

नळ कोरडा ठणठणीत होता.

“ही गेली, त्याला दोन वर्षं झाली,” काका धापा टाकत म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. “रंग दिल्यावर कळलं, भिंती पुसल्या जातात म्हणून. वाटलं, आता आवाजही गेला. पोरी, पुन्हा लाव ना!”

तिनं पुन्हा लावलं. या वेळी दुसरी बादली घेऊन ती स्वतःच धावली.