जादाचा एक तास

रुग्णाला एका कुशीवर वळवायचं. तोंडात काहीही घालायचं नाही. फिट किती वेळ चालते ते मोजायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका बोलवायची.

मॅडमनी तो कागद चौथ्यांदा वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. खोलीत एकच बाक होता. त्यावर वकील पेपर लिहीत होता.

वकील म्हणजे कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. मागच्या परीक्षेत मोठ्या हॉलमध्ये, तीनशे पोरांसमोर त्याला फिट आली होती. बाकाच्या कडेवर डोकं आपटलं, सात टाके पडले, पेपर गेला तो गेलाच. मग त्याने दिव्यांग विद्यार्थी कक्षाकडे अर्ज केला. वेगळी खोली हवी, तासभर जादा वेळ हवा. एकेका मागणीला नियमाचं कलम जोडलेलं. तेव्हापासून कक्षात त्याचं नाव वकीलच पडलं.

कक्ष मॅडमच सांभाळत. डॉक्टरांचा दाखला, परीक्षा विभागाची सही, तळमजल्यावरची खोली, सगळं त्यांनी पाठीस लागून करून घेतलं. फक्त पर्यवेक्षक मिळेना. "नको बाई ती जोखीम," जो तो म्हणाला. शेवटी त्या स्वतःच बसल्या.

त्यांनी जन्मात कुणाला फिट आलेली पाहिली नव्हती.

"तू लक्ष ठेवणार?" नवरा निघताना हसला होता. "अगं, समोर उभी असतेस आणि दूध उतू जातं. या आठवड्यात दोनदा."

"परीक्षा लागल्यापासून झोप कुठे आहे मला?" त्या फणकारल्या होत्या.

वकील खाली मान घालून लिहीत होता. मॅडमनी पुरवण्या मोजायला घेतल्या. एकवीस, बावीस, तेवीस...

"मॅडम! कधीचा विचारतोय, चहा कुठे ठेवू?" दारात शिपाईमामा उभे होते. "उघड्या डोळ्यांनी झोपायची विद्या आम्हालाही शिकवा की."

मॅडम ओशाळून हसल्या. मोजणी चुकली होती. पुन्हा एकपासून सुरुवात.

मान वर केली तर वकील त्यांच्याकडेच बघत होता. पेन थांबलेलं.

"बरं वाटतंय ना रे?"

"हो." त्याने घड्याळाकडे पाहिलं, कच्च्या कामाच्या पानावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा लिहू लागला.

बारा वाजून गेले. पाय मोकळे करायला मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर माळी झारीने कुंड्यांना पाणी घालत होता. वळून बघतात तो वकील अर्धवट उठलेला. चेहरा पांढराफटक, नजर खिळलेली.

कागदावर लिहिलं होतं, कधी कधी आधी नुसती नजर खिळते. आली, मॅडमच्या मनात आलं. आलीच! कोपऱ्यात आणून ठेवलेली उशी घ्यायला त्या धावणार, तेवढ्यात पायाखाली त्यांचंच पेन घरंगळलं. हातातून कधी सुटलं, कळलंही नव्हतं. भीतीने बोटंही ऐकेनाशी झाली होती.

वकिलाने येऊन पेन उचलून दिलं. "मॅडम, खिडकीत उभ्या राहू नका. बसा ना."

"का रे, उजेड अडतो?"

"हो... तसंच."

एक वाजता घंटा झाली. बाकीची पोरं गलका करत बाहेर पडली. वकिलाचा जादाचा तास सुरू झाला. त्याने बाक ओढून थेट मॅडमच्या टेबलाला लावला. मॅडमनी हरकत घेतली नाही. जवळ असलेला बरा, झेलता तरी येईल.

"तुम्ही घरी कशा जाता?" त्याने मध्येच विचारलं.

"स्कूटरवर. का?"

"सहज."

परीक्षेत कुणी असं सहज विचारतं का? मॅडमनी रुग्णवाहिकेचा नंबर मोबाइलवर काढून ठेवला. घड्याळात एक चाळीस. वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं निघू देत, मग सुटलो.

पुन्हा पाहिलं तर एक बेचाळीस. आणि वकील बाकावर नव्हता. तो त्यांच्या खुर्चीला अगदी खेटून उभा होता, एक हात त्यांच्या पाठीवर टेकवून.

मॅडम किंचाळायच्याच बाकी होत्या. "बस! खाली बस आधी! येतेय का?"

"नाही मॅडम."

"मग उठलास कशाला?"

तो जागेवर गेला. त्यानंतर त्याने एक ओळही लिहिली नाही. नुसता बघत बसला.

दोन वाजले. मॅडमनी उत्तरपत्रिका हातात घेतली. पार पडलं. मग पानं चाळली. शेवटचा प्रश्न कोरा होता. वीस गुणांचा.

"अरे, या एका तासासाठी मी किती जोडे झिजवले!" त्यांचा आवाज चढला. "आणि तू हातावर हात ठेवून बसलास?"

वकिलाने कच्च्या कामाचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. कोपऱ्यात तीन ओळी होत्या. अकरा सतरा, पस्तीस सेकंद. बारा सहा, पन्नास सेकंद. एक चाळीस, दीड मिनिट.

मॅडमच्या अंगावर काटा आला. "तीनदा? तुला तीनदा येऊन गेली आणि तू बोलला नाहीस?"

"माझीही सुरुवात अशीच झाली होती. कुणाच्या लक्षातच यायचं नाही." त्याने हळूच त्यांचं कोपर धरलं. "खाली बसा, मॅडम. मला आज एकदाही आलेली नाही."