गाठींची दोरी

बासष्ट साली राळेगावजवळच्या तांड्यावर बाबाराव गुरुजींनी दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून काटकोन कसा काढायचा ते शिकवलं. साऱ्या वर्गात तो पहिल्या झटक्यात जमला भावसिंगच्या बिजलीला. पण पेरणी लागली अन् पोरगी शाळेत यायचीच बंद झाली. गुरुजी तडक वावरात गेले, तर ती तीच दोरी ताणून कपाशीच्या ओळी आखत होती.

"गुरुजी, लय उपकार झाले!" भावसिंगनं हात जोडले. "आता तण काढाले डवरा उभा चालवा का आडवा, एक झाड मोडनार नाही. साऱ्या तांड्याले आखून द्याले हीच लागते. शाळेत कशी धाडू तिले?"

गुरुजींनी हजेरीपट उघडून बिजलीचं नाव त्याच्यापुढे धरलं.

"पुढच्या साली धाकलीलेही धाडतो ना," भावसिंगनं त्यांना भरवसा दिला. "काटकोन येईस्तोवर."