जाड पुठ्ठा

घरातली ट्यूबलाइट फुटली कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्याच हातून, आणि खोलीबाहेर आधी पळालाही तोच. नाकाला रुमाल लावून तो बायकोला आपणच लिहिलेलं नियमपत्रक ऐकवू लागला. “अगं, आत पारा असतो! पंधरा मिनिटं सगळ्यांनी बाहेर थांबायचं.” पंधरा मिनिटांनी म्हणाला, “जा आत. झाडू नको, जाड पुठ्ठ्याने गोळा कर.” “आणि तुम्ही?” “मी सांगतोय ना!” वीस वर्षं हा शहाणा नुसता सांगतच आला होता. तिने हातमोजे चढवले, भिंतीवरचं जाडजूड ‘उत्कृष्ट सुरक्षा अधिकारी’ प्रमाणपत्र चौकटीतून सोडवलं आणि त्याच्याच कडेने काचांसकट पांढरी भुकटी खरवडून पिशवीत भरली. “अगं, ते माझं...” “पुढचा नियम वाचा.” सवयीने त्याने खणखणीत वाचला: “काचांना लागलेली प्रत्येक वस्तू त्याच पिशवीत बंद करावी.” प्रमाणपत्र आत सरकवून तिने करकचून गाठ मारली.