त्या संध्याकाळची चव

"त्याच क्रमानं मागव," यमुताई म्हणाल्या. "त्या संध्याकाळी जे आधी आलं होतं, ते आधी."

रजतनं मेनूकार्ड न उघडताच बाजूला सारलं. रामदासपेठेतल्या त्या बिअरच्या ठिकाणी दुपारची गर्दी नव्हती. काचेपलीकडे बिअर बनवायच्या मोठाल्या टाक्या चमकत होत्या. यमुताई आयुष्यात पहिल्यांदाच अशा जागी आल्या होत्या. पदर खांद्यावरून ओढून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. नवऱ्याला, विश्वनाथरावांना, देवळात जाते म्हणून सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी दारच अडवलं असतं.

"घरी सांगून आलास?"

"नाही, काकू. येऊ दिलं नसतं मले."

यमुताईंनी फोन केला तेव्हा तो आधी नाहीच म्हणाला होता. शेवटी म्हणाला, "येतो." वयानं तो त्यांच्या मुलाएवढाच, ऋषीएवढाच. उंचीही साधारण तेवढीच. मघाशी जिना चढताना त्याची पाठ पाहून यमुताई एका पायरीवर थांबल्या होत्या.

वेटर आला आणि रजतला पाहून थबकला. "भाऊ, लय दिवसांनी."

"हो, सौरव," रजत टेबलाकडे पाहतच म्हणाला. "आधी पोर्टर दे. लहान ग्लास, एकच."

"तू नाही घेणार?" यमुताईंनी विचारलं.

"सोडली."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

ग्लास आला. काळसर तपकिरी, वर बदामी फेस.

"पोर्टर म्हणजे हमाल," रजत सांगू लागला. "लंडनचे हमाल हीच प्यायचे म्हणते, म्हणून हे नाव. अन् गार गार नाही प्यायची, काकू. थोडा वेळ तळव्यात धरून ठेवा. मग वास मोकळा होते."

"म्हणजे आपल्या कळमन्याच्या बाजारातल्या हमालांचा चहा."

रजत हसला. हसल्याचं लक्षात येताच त्यानं चेहरा आवरला.

यमुताईंनी ग्लास नाकाशी नेला. दारूचा भपकारा येईल म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता. ऋषीच्या तोंडाला घरात कधी असला वास आला नव्हता, त्यामुळे तो कसा असतो हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. पण हा वास निराळाच निघाला. चटणीसाठी जवस भाजताना कढईतून येतो तसा. त्यांनी घोट घेतला. आधी कडू लागलं, मग त्या कडूच्या खालून गुळाच्या पाकासारखं काहीतरी वर आलं.

त्यांनी लगेच दुसरा घोट घेतला.

मग स्टाउट ही दुसरी बिअर आली. ती काळीकुट्ट होती, उजेडासमोर धरली तरी पलीकडचं दिसेना. कोरी कॉफी आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा. नंतरची ओट्स घातलेली, जिभेवरून सायीसारखी उतरणारी. रजत हळूहळू सांगत होता, जव किती भाजला की कॉफीची चव येते, किती भाजला की चॉकलेटची. सांगता सांगता त्याचा आवाज मोकळा होई, आणि यमुताईंकडे नजर गेली की पुन्हा आखडे.

"त्या दिवशी कशाचा आनंद होता?"

"नोकरी पक्की झाल्याचं कळलं होतं. म्हणून दोस्तांसोबत बसलो होतो."

"खूप हसत होतात?"

"खूप."

यमुताईंनी मान हलवली. त्या रात्रीपासून त्या एकच गोष्ट मनात धरून होत्या, की ते काहीतरी घाण असणार. विष असणार, माणूस नाक दाबून पीत असणार. तसं धरून चाललं की रागाला जागा मिळायची. आणि आता जिभेवर कॉफी होती, गूळ होता, भाजलेलं धान्य होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"हे छान आहे रे," त्या म्हणाल्या. "हेच तर मला नको होतं."

रजतनं तोंड फिरवलं.

मग त्यानंच विचारलं, "उद्या कोर्टात येणार ना तुम्ही?"

"येईन."

"सगळ्यांसमोर काय बोलणार?"

"ते ठरवायलाच आले इथे. घरात बसून ठरत नाही. हे रडतात, मी रडते, अन् दिवस मावळतो. शेवटची कोणती होती?"

"राहू द्या, काकू. ती लय कडक असते."

"मागव."

ती सौरवनं आणली. ग्लास ठेवून तो लगबगीनं निघून गेला. ही सगळ्यांत दाट होती. काळ्या मनुकांची, काकवीची चव, आणि घशाखाली उतरल्यावर मंद ऊब. यमुताईंना ती सगळ्यांत जास्त आवडली. तसं वाटल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली.

"हिचा जोर लागलीच कळत नाही," रजत म्हणाला. "उलट एकदम ठीक वाटते. पाय सरळ पडते, बोलणं सरळ. वाटते, काहीच झालं नाही."

"कोणी अडवलं नाही?"

"सौरव म्हणाला होता, ऑटो बोलावतो म्हणून."

"मग?"

"ऐकलं नाही."

यमुताईंनी ग्लास खाली ठेवला. रजत रडत होता, आवाज न करता, खांदे आवळून. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या थंड बोटांवर ठेवला. घरी ऋषीच्या तापल्या कपाळावर ठेवायच्या तसाच, अलगद.

"तू गाडी काढलीस," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझा ऋषी ड्यूटी संपवून कडेकडेनं पायीच घरी येत होता रे. तुझ्या गाडीसमोर तो तुला दिसलाच नाही का?"